रसायनीच्या वाटेवर ज्याची त्याची सायकल

रविवार, सकाळचे साडेसहा. पळस्पे फाटा मागे टाकून आमची गँग जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने दांड फाट्याला पोहोचली. इथून उजवीकडे वळलं की रसायनी! नावातच केमिकल. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना इथलाच. 2017 मध्ये तिथलं बहुतेक उत्पादन बंद करायचा निर्णय झाला. पाताळगंगेचा काठ मात्र तसाच आहे, आणि लांबून दिसणारा कर्नाळ्याचा सुळकाही. सायकलवाल्याला आणखी काय हवं?

माझी सायकल कार्बनची. मित्राची पोलादाची, म्हणजे क्रोमोलीची. "काय रे, वाटेत भंगारवाला मागे नाही ना लागला?" मी सगळ्यांदेखत म्हटलं. सगळे हसले. तो सोडून.

मोहोपाड्याच्या अलीकडे मी खड्ड्यात आपटलो. मला नुसतं खरचटलं, पण फ्रेम दगडावर आदळली. कार्बनची गोची इथेच होते. कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, अशी ही फ्रेम. मार बसला की आतले थर सुटू शकतात आणि वरून काहीच दिसत नाही. तपासल्याशिवाय चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

मित्र म्हणाला, "तू माझी घे. हिला मी टेम्पोतून नेतो."

पनवेलपर्यंत मी मुकाट्याने 'भंगार' चालवलं. चढाला जड वाटलं, हे खरं. पण सायकल रस्ता धरून, शांत चालत होती. अर्थात, त्याचं बरंचसं श्रेय रुंद टायर आणि त्यातल्या बेताच्या हवेला!

पोलाद अॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, पण तितकंच ताठही. म्हणून पोलादाच्या नळ्या बारीक चालतात, अॅल्युमिनियमच्या जाड लागतात. पोलादाचा सांधा तुटला तर चांगला वेल्डर जोडून देतो. त्याचा शत्रू एकच, आपला कोकणी पाऊस आणि गंज. अॅल्युमिनियम हलकं आणि परवडणारं. टायटॅनियम गंजत नाही, पण खिसा रिकामा करतं. आणि कार्बन? वजनात त्याचा हात धरणारं कोणी नाही.

पनवेलला चहावर मी सॉरी म्हटलं. तो हसला. "बोरघाट चढायला तुझीच बरी. पण मला रोज ऑफिसला जायचंय, मागे बॅग लादून. पडली, आपटली तरी फिकीर नाही."

मी अजूनही कार्बनवालाच आहे. फक्त आता ग्रुपमध्ये कोणी नवीन आला की त्याच्या सायकलचं वजन विचारत नाही. विचारतो, "हिच्यावरून कुठे कुठे फिरलास?"