बार्शीपलीकडची अळंबी

सोलापूर जिल्ह्यात रानातली अळंबी शोधायला निघालो म्हटलं, की लोक आधी आभाळाकडे बघतात. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. पण जिल्ह्याच्या ईशान्येला बालाघाटची रांग शिरली आहे, आणि भाद्रपदात पाऊस लागून राहिला की पांगरीकडच्या बांधांवर अळंबी उगवते. आत्याचा फोन आला, "रात्री लई इजा चमकल्या. पोरीला घिऊन ये." दुसरीतल्या लेकीला घेऊन मी पहाटेच बार्शी रस्त्याला लागले.

नान्नजला उजाडलं. इथलं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. उन्हाळ्यात पिवळेधमक दिसणारे माळ आता हिरवे झाले होते. वैराग, बार्शी ओलांडून पांगरीकडे वळलं, की सोयाबीनच्या रानांमागे डोंगराची कड दिसू लागते. याच रांगेत पुढे धाराशिव जिल्ह्यात येडशी-रामलिंग अभयारण्य आहे. तिथून काडीही उचलायची नाही, हे लेकीला गाडीतच सांगून ठेवलं. आमची शोधाशोध आत्याच्या रानापुरती होती.

आत्यानं लेकीच्या हातात काठी दिली. "वारूळ दिसलं की आदी काठी आपटायची, मग वाकायचं." चिखल तुडवत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बांधावर पोचलो. लिंबाच्या झाडाखाली जुनं वारूळ होतं. त्याच्या कडेनं ओली माती फोडून अळंबीचा घोळका वर आला होता. काही अजून मिटलेल्या, काही तळहाताएवढ्या उमललेल्या. टोपीच्या मधोमध टोकदार, तपकिरी उंचवटा. खाली पांढरे, दाट पडदे. आत्यानं खुरप्यानं एकीच्या बाजूची माती हलकेच सारली. देठ जमिनीत खोल खोल, निमुळता होत गेलेला. लेक पालथी पडून बघत राहिली.

"ह्ये खाली कुटपर्यंत जातंय, आजी?"

"वाळवीच्या घरापत्तूर. ते घर फोडायचं न्हाई. वरचं घ्यायचं, त्यातलंबी समदं न्हाई."

आत्या म्हणाली ते शास्त्राला धरूनच आहे. वाळवी वाळला पाला, लाकूड आत नेते, अर्धवट पचवून त्याचे सच्छिद्र गोळे रचते आणि त्यावर बुरशी पोसते. लाकडातलं कठीण ते बुरशी मऊ करते आणि वाळवी त्यावर जगते. पावसानं जमीन पुरती भिजली, की तीच बुरशी अळंबी होऊन वर येते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 साली या प्रजातीला 'टर्मिटोमायसिस' हे नाव दिलं. धिंगरी अळंबी आपण भुशावर, पेंढ्यावर घेतो. ही मात्र वाळवीवाचून पिकवणं माणसाला अजून नीट साधलेलं नाही.

परतताना गोठ्याजवळच्या गवतात पांढऱ्या, गुबगुबीत छत्र्या दिसल्या. लेक धावली, तोच आत्याचा आवाज चढला, "हात लावू नगंस! ती कुत्र्याची छत्री हाय." त्यांच्या टोपीवर तपकिरी खवले होते, देठाला कडं होतं आणि खाली वारूळ नव्हतं. फडक्यानं एक उचलून घरी आणली. रात्री दोन्हींच्या टोप्या पांढऱ्या कागदावर उपड्या ठेवून वर वाटी झाकली. सकाळी वारुळावरच्या टोपीखाली फिकट गुलाबी भुकटीचा ठसा उमटला होता, दुसरीखाली हिरवट. ही हिरवट ठशाची जात पोटात गेली तर उलट्या-जुलाब करून माणसाला लोळवते. काही जातींचं विष तर शिजवूनही जात नाही आणि त्याची लक्षणं कित्येक तासांनी दिसतात. तोवर यकृताची नासाडी सुरू झालेली असते. भाजीत लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडतं का बघा, हा उपाय साफ खोटा आहे. नुसता ठसा बघूनही खायची परवानगी मिळत नाही. शंका आली, की टाकून द्यायचं.

खात्रीच्या अळंब्यांची माती आत्यानं निगुतीनं धुतली. हातानं उभ्या चिरून कांदा, काळं तिखट आणि दाण्याच्या कुटात शिजवल्या. घरभर ओल्या मातीचा आणि मसाल्याचा वास सुटला. ज्वारीच्या भाकरीबरोबर लेकीनं पहिल्यांदाच दुसऱ्यांदा भाजी मागितली.

जेवताना आत्यानं शेजारच्या रानाची गोष्ट काढली. तिथला बांध जेसीबीनं सपाट केला, वारूळ गेलं, तेव्हापासून तिथं अळंबी नाही. नागपंचमीला ज्या वारुळाला लाह्या वाहायच्या, तेच पुढं रानात अडचण ठरतं. पिकाला वाळवीचा त्रास होतो, हे खरंच. पण बांधावरचं, झाडाखालचं एखादं वारूळ राखायला फार जमीन लागत नाही. आणि राखलेल्या वारुळावरची अळंबी ओळखणारी माणसंही लागतात. अळंबीची पारख फोटोवरून करू नये. ती करणारी आत्या, मावशी, आजी अजून रानात जातात, तोवर पोरांना त्यांच्यामागं पाठवावं आणि आपणही मागून चालावं.