निफाडची थंडी आणि माझी येझदी

नाशिकच्या पंचवटीत बिऱ्हाड आणि निफाडच्या एका माध्यमिक शाळेत नोकरी, अशी माझ्या संसाराची विभागणी संस्थेच्या बदलीच्या हुकुमाने करून टाकली. ही हकीकत 1980 नंतरच्या दशकातली. शाळेत वर्गखोल्या अपुऱ्या असल्याने वरचे वर्ग सकाळच्या सत्रात भरत, साडेसातला प्रार्थनेची घंटा होई आणि तिच्याआधी हमखास पोहोचवील अशा एस.टी.चा भरवसा नसल्यामुळे, पहाटे सहाच्या सुमारास मोटारसायकल बाहेर काढून चाळीसेक किलोमीटरचा रस्ता धरण्यावाचून मला गत्यंतर नसे.

निफाडची ख्याती न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव म्हणून आहे, द्राक्षांचा तालुका म्हणून आहे, आणि हिवाळा लागला की वर्तमानपत्रांतून छापून येणाऱ्या नीचांकी तापमानासाठीही आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा एखाद्या वर्षी 5 अंशांच्याही खाली उतरतो. याचे कारण मी भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढून दाखवीत असे. आभाळ निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, म्हणजे जमीन दिवसभर साठवलेली ऊब रात्री झपाट्याने गमावते. तिच्या लगतची हवा गार आणि म्हणून जड होऊन सखल भागाकडे सरकते, आणि गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात सूर्य वर येईपर्यंत साठून राहते. फळ्यावरचा हा सिद्धांत माझ्या गुडघ्यांना रोज पडताळून पाहावयास मिळे. नांदूर नाका मागे पडेपर्यंत शहराची ऊब अंगाला चिकटलेली असे, माडसांगवीच्या शिवारात ती गळून पडे, आणि चांदोरीच्या अलीकडे रस्ता नदीच्या अंगाने जाऊ लागला की थंडीचा एक निराळाच, अधिक दाट थर अंगावर येई. एस.टी.च्या काचा लावून बसलेल्या उतारूला या जमिनीचे चढउतार असे कातडीवरून वाचता येत नाहीत.

माझी येझदीही पहाटे सहजासहजी जागी होत नसे. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, तेव्हा इंजिनाला त्याचा पुरवठा अंमळ अधिक करावा लागतो. त्यासाठी कार्ब्युरेटरवरचे इवलेसे बटण पेट्रोल पाझरून बोटांना लागेपर्यंत दाबून धरायचे, मग एरवी गिअर बदलणारी दांडी आत दाबून उभी फिरवायची आणि तिलाच किक मारायची, असा तो विधी असे. बोटांवर राहिलेले ते पेट्रोल उडून जाताना जी कळ देई, ती दिवसातली पहिली सलामी.

पोशाखाच्या बाबतीत एक तत्त्व मला लौकर उमगले. लोकर ऊब धरून ठेवते, पण वारा अडवीत नाही. पारा 6 अंशांवर असताना ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला तो जवळजवळ शून्य अंशासारखा झोंबतो, म्हणून स्वेटर कितीही जाड असला तरी त्यावर वारा न शिरणारे काहीतरी हवेच. माकडटोपीवर हेल्मेट, लोकरी हातमोज्यांवर चामड्याचे, आणि छातीवर शर्ट व स्वेटर यांच्यामध्ये आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्राची जाड घडी, असा माझा सरंजाम असे. निफाडचे नीचांकी तापमान ज्यात छापलेले आहे, तोच अंक निफाडच्या थंडीविरुद्ध छातीशी बांधून जाण्यात मला गंमत वाटे.

इतके करूनही बोटे बधिर होतच. चांदोरीला चहाच्या टपरीपाशी थांबलो की मी आधी हात इंजिनाच्या पात्यांजवळ धरी. जवळ धरी, टेकवीत नसे, कारण बधिर हाताला भाजल्याचेही कळत नाही. शाळेत पोहोचल्यावर हजेरीपुस्तकावर सही करावी तर लेखणी बोटांत ठरत नसे. डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांतल्या माझ्या सह्या पाहून आमचे कारकून एकदा गंभीरपणे म्हणाले, ‘सर, या सहीवर बँक तुम्हांला पैसे द्यायची नाही.’

पहिल्या तासाला वर्गात शिरलो की धुराचा वास येई. ऑक्टोबर छाटणीनंतर धरलेले द्राक्षघड ऐन भरात असताना कडाका पडला, तर मण्यांची फुगवण थांबते, त्यांना तडे जातात. म्हणून शेतकरी बागेत रात्रभर ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात आणि पहाटे विहिरीचे त्यातल्या त्यात कोमट पाणी वेलींना देतात. वडिलांबरोबर जागलेली मुले त्याच कपड्यांनी शाळेत येत आणि बाकावर टेकताच पेंगू लागत. रस्त्यावरून येताना ज्या शेकोट्या दिसत, त्या कोणाच्या, हे मला हळूहळू नावानिशी कळू लागले. अशा मुलाला तासभर उभे करण्याची शिक्षा मग माझ्याने होईना. त्याच थंडीने शेजारच्या रानातला गहू मात्र तरारून येई, आणि त्या घरची मुले टवटवीत चेहऱ्याने पुढच्या बाकांवर बसलेली असत.

या वाटेवरचे खरे भय निराळेच होते. हिवाळा हा उसाच्या गाळपाचाही हंगाम. ऊसतोडणीवाल्यांच्या बैलगाड्या पहाटेच्या अंधारात, धुक्यात, मागे दिवा नसताना चाललेल्या असत. वर गोधडी पांघरून बसलेला गाडीवानही आपल्यासारखाच गारठलेला. वाऱ्याने डोळे पाण्याने भरलेले असताना ती उसाची काळी भिंत अगदी जवळ आल्यावरच दिसे. ताशी 50 च्या वेगाने मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते, ताशी 30 ने साधारण 8. आखडलेल्या बोटांना ब्रेक आवळायला एक सेकंद अधिक लागला, तर जीव वाचणे न वाचणे या सहा मीटरांवर येऊन ठेपते. म्हणून धुके असले की मी वेग 30 वर आणी, आणि घंटा चुके.

आज गाड्या बटणावर सुरू होतात आणि हातमोजेही अधिक चांगले मिळतात. पण गारठलेल्या बोटाची चाल त्याने वाढलेली नाही. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे दुचाकीवरून कामावर निघणाऱ्यांना म्हणूनच माझे सांगणे आहे की घड्याळाशी शर्यत लावू नका, वाटेत थांबून हात शेकून घ्या आणि हजेरीवर उशिराचा शेरा पडला तर पडू द्या. आमच्याकडे तीन शेऱ्यांनी एक किरकोळ रजा कापली जात असे. माझ्या बऱ्याचशा रजा अशाच गेल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या.