मार्चचा हिशेब

मार्च संपला. गिरणीत महिना संपला की हजेरी बघायची सवय लागते. किती भरले, किती खाडे, किती कापले. यंदा तसाच एक हिशेब मी वाचनाचा ठेवला. दोनशे पानी वही घेतली. तारीख, पुस्तक, पानं, असे तीन रकाने. आज ती वही पुढ्यात घेऊन बसलोय. जमेला काय आणि खर्ची काय, ते तुमच्यापुढं मांडतो. मित्रांनो, लपवणार काही नाही.

मी आठवीतनं शाळा सोडलेला. वय २६. इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. साच्यांच्या दोन रांगांमधनं आठ तास चालत राहायचं, तुटला धागा की सांधायचा. कापूस नाकात, कानात, पापणीवर. घरी आलं की लेक म्हणती, बाबा म्हातारा झाला. वाचायला वेळ मिळतो तो रातपाळीवरनं आल्यावर सकाळी तासभर, नाहीतर दुसऱ्या पाळीच्या आधी दुपारी. कविता करतो. दोन-चार तुम्ही वाचल्या असतील.

वहीचं कारण सांगतो. माणगाव आमच्यापासनं लांब नाही. २१ मार्चला आम्ही पोरं दरसाल जातो. झेंडा, घोषणा, भाषण, आणि परत. मागच्या साली मी तिथं बोललो. जोरात बोललो, टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर नववीतलं एक पोरगं आलं. म्हणालं, "दादा, परिषद झाली तवा बाबासाहेबांचं वय किती होतं?" मी म्हणालो, "असतील की चाळीसेक." पोरानं मान डोलावली आणि गेलं. रात्री झोपताना मनात आलं, आपण ठोकून दिलं. सहा वर्षं मी घोषणा दिल्या आणि मला एवढं ठाऊक नव्हतं. तवाच ठरवलं, पुढचा मार्च वाचायचा.

पहिला आठवडा माणगाववरच गेला. परिषद २१ आणि २२ मार्च १९२० ला भरली. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. म्हणजे वय २८. एकोणतीस पुरं व्हायला तीन आठवडे बाकी! 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, पहिला अंक ३१ जानेवारीचा. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिलेले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलेला एक तरुण प्राध्यापक. लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलेलं, बॅरिस्टरी व्हायची होती. अशा माणसाला अध्यक्ष करून खुद्द छत्रपती परिषदेला येतात आणि जमलेल्या लोकांना सांगतात, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला.

मी वहीत लिहिलं : ते २८, मी २६. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो तो साठीतला. चष्मा, कोट, हातात ग्रंथ. म्हणून आपल्याला वाटतं, ते जन्मले तेच तसे. आणि म्हणून आपल्याला सूट मिळते. ते तेवढे मोठे, आपण काय करणार! २८ वर्षांचा माणूस डोळ्यापुढं आणला की ती सूट जाते.

दुसरा आठवडा रातपाळीचा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो, तिथनं पुस्तकं आणलेली. त्यात गिरणी कामगारांवरचं एक होतं. त्यातल्या दोन पानांनी मला खाली बसवलं.

माझा आजा मुंबईला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो मोडला आणि आजा वळकटी घेऊन गावी आला तो कायमचा. आमच्या घरात कौतुकानं सांगायचे, "आजा रिंगमधी होता." मी रिंगखात्यात लागलो तवा आई म्हणाली, आजाचं खातं मिळालं. मलाही बरं वाटलेलं. घराण्याचा हुन्नर!

आता ऐका. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. तिथं अस्पृश्यांना घेत नव्हते. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यायचं. एकाचा तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. महाराचा उष्टा धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावीना. म्हणून आपली माणसं रिंगखात्यात. १९२८ चा मोठा संप झाला तवा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं, ह्या मागणीचं काय? कामगारांची एकजूट म्हणता, मग कामगारच कामगाराला विणकामाला येऊ देत नाही, त्याचं काय? त्यांनी जोर लावला तवा ती मागणी आली.

आजानं खातं पसंत केलं नव्हतं, मित्रांनो. आजाला तिथं ठेवलेलं. घरात जे कौतुकानं सांगायचे तो एक बंद दरवाजा होता. त्या रात्री साच्यावर उभा होतो, धागे तुटत होते आणि मला हात उचलवेना. जॉबरनं शिवी घातली. त्याला काय सांगू, की माझा आजा आत्ता मेला म्हणून?

आता बिनधोट्याचे माग आलेत, तोंड लावायचा प्रश्न राहिला नाही. दुसऱ्या दिवशी मामाला विचारलं. मामा पंचवीस वर्षं मागावर होता. म्हणाला, "व्हय, आमीबी तोंडानंच वडायचो. निम्मा खोकला त्यातलाच हाय." एवढंच. त्याला त्यात इतिहास दिसला नाही. खोकला आहे.

त्याच आठवड्यात मनमाडचं भाषण वाचलं. फेब्रुवारी १९३८. जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. कामगाराचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे आपण सगळे घोकतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. बाबासाहेब तिथं समजावून देतात, की ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता एवढाच अर्थ मी धरत नाही. जिथं स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारली जाते तिथं ती आहे, आणि ती सगळ्या वर्गांत शिरलेली आहे. मी खाली दोन रेघा मारल्या. वहीत लिहिलं, 'बरोबर.' आणि गिरणीतल्या कुणाकुणाला हे लागू पडतं, त्यांची नावं मनात घेतली. स्वतःचं नाव घेतलं नाही.

तिसरा आठवडा 'जातिनिर्मूलन'. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागून वाचलं आणि घाबरले. परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते न केलेलं भाषण स्वतः छापलं. दीड हजार प्रती, दोन महिन्यांत संपल्या. हे मी आपल्या ह्या काळ्या शाईच्या पानांसाठी मुद्दाम सांगतो. व्यासपीठ मिळालं नाही म्हणून शब्द मरत नाही.

वाचताना मात्र माझी दमछाक झाली. एका बैठकीत तीन पानं. श्रेणीबद्ध विषमता, हा शब्द मी सभांतनं ऐकलेला, स्वतः वापरलेला, पण नेमका अर्थ? सकाळची वेळ. बायको भाकरी थापत होती. ती दहावी पास, माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त. मी आपला मोठ्यानं शब्द म्हणालो. ती पाठमोरीच म्हणाली, "श्रेणी म्हंजे पायरी की वो. पायरीवार. आपल्या घरातल्यासारखं. आदी तुमी जेवता, मग आत्याबाई आन् पोरगी, मग मी."

मी हसलो. म्हणालो, "तुला काय कळतंय, च्या टाक."

तिनं चहा टाकला. मी चहा पिऊन पुढं वाचायला लागलो. वहीत त्या दिवसाची नोंद आहे : तीन पानं. चहाची नोंद नाही.

चौथ्या आठवड्यात बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' घेतलं. १९८६ सालचं पुस्तक. आईला लिहितावाचता येत नाही, म्हणून दुपारी मोठ्यानं वाचायला लागलो. दोन पानं झाली असतील, आई म्हणाली, "थांब. ही बाई कुटली?" म्हणालो, फलटणची. "हिला कुनी सांगितलं आमचं?" मग जिथं सासुरवासाचं येतं, कवळ्या पोरींना सासूघरी कसं छळलं ते येतं, तिथं आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडती. ती म्हणाली, "मीबी हिला कमी केलं न्हाय रं." आणि बायकोकडं बघितलं. बायको भांडी घासत होती. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

माझ्या कवितांत आई अकरा वेळा आलीय. मी मोजलं. कुठं सूर्य, कुठं ज्वालामुखी, कुठं भुकेची मशाल. एकाही कवितेत मी तिला काही विचारलेलं नाही. आणि बायको? एकदाही नाही. शून्य.

बेबीताईंची हकिकत तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. फलटणला छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचायच्या. लिहिलं ते वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलं, नवऱ्यापासनं, लेकापासनं. कुणी सवर्णानं फाडलं असतं म्हणून नव्हे. आपल्याच घरातल्या माणसाला भिऊन. बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात!

हे वाचलं आणि मला तो चहा आठवला. आपल्या घरात बायकोनं काही लिहिलं असतं तर ते कुणापासनं लपवावं लागलं असतं? माझ्यापासनं. मनमाडच्या पानावर मी दोन रेघा मारल्या होत्या त्या आता मला दिसल्या.

त्याच रात्री मुक्ता साळवेचा निबंध वाचला. १८५५ साली 'ज्ञानोदया'त आलेला. जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेतली मांगाची पोर. मांग-महारांचं दुःख लिहिताना ती बाळंतिणीचं लिहिते. डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात बाई बाळंत होते, तिचं काय होत असेल. शाळकरी पोरीला ते दिसलं. मला सव्वीस वर्षांत दहा बाय बाराच्या खोलीतली बाई दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "अगं, ह्यातलं एक पुस्तक तू वाच." मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "पुस्तक नगं. तास द्या." मी म्हणालो, म्हंजे? म्हणाली, "तुमी वाचता तवा पोरगी कुनाकडं असती? पानी कोन भरतं? तेवढा तास मला द्या, पुस्तक मी घीन."

तर त्या दिवसापासनं रोज एक तास. त्याचाही हिशेब वहीत आहे. सात दिवसांत चार दिवस दिला. एक दिवस ओव्हरटाइम होता. एक दिवस झोप लागली. एक दिवस दिला नाही, कारण काही नाही. खाडा.

रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात मी हे सगळं सांगितलं. आम्ही तेरा जण असतो, तेराही पुरुष. मी म्हणालो, पुढच्या रविवारी 'जिणं आमुचं' वाचू, घरच्या बायकांना आणू, पोरं आपण सांभाळू. एक जण हसला. दुसरा म्हणाला, "आधी बाहेरच्या लढाया निस्तरू, घरातलं नंतर बघू." मी त्याला म्हणालो, १९२८ ला संपवाल्यांनीही असंच म्हटलेलं असणार. आधी संप जिंकू, धोट्याचं नंतर बघू. तो गप्प झाला. पटलं की राग आला, कळलं नाही. तो माझा जवळचा मित्र आहे, अजून नीट बोलत नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तेरातले पाच आले. बायका तीन आल्या. पोरांनी दंगा घातला, आम्हाला सांभाळता येईनात. सात पानं वाचून झाली.

हा हिशेब. पुस्तकं पाच, त्यातली दोन अर्धवट. कविता एकही नाही. माणगावला यंदा गेलो, पण बोललो नाही, खाली बसलो. त्या पोराला गर्दीत शोधलं, तो यंदा दहावीत असणार. दिसला नाही. त्याचं उत्तर माझ्याकडं बाकी आहे. तो हे वाचत असला तर : २८, बाळा. चाळीस नव्हे. माझं चुकलं.

बायको आता 'जिणं आमुचं'च्या ३८ व्या पानावर आहे. खूण म्हणून गिरणीतल्या सुताचा धागा घालते. काल मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "संपू द्या. मग सांगते."

एप्रिलची वही दोघांची आहे. जय भीम.