तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार

तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहातले दिवे मंदावू लागतात. मोबाईल खिशात जातात, उशिरा आलेलं एखादं कुटुंब आपली रांग चाचपत असतं आणि पडद्यामागून नांदी सुरू होते. त्या दहा-बारा सेकंदांवर माझा फार जीव आहे. पंचवीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतोय. अलीकडे जुन्या नाट्यगृहांतले हॅलोजन काढून एलईडी बसवायचे असले की सल्ल्याला बोलावतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती वॅटचे घ्यायचे? मी म्हणतो, ते नंतर बघू, आधी हे दिवे विझणार कसे ते ठरवू.

हॅलोजनच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. डिमरनं वीज कमी केली तरी तापलेली तार निवायला वेळ घेते. त्या निवण्यात उजेड आपसूक गुळगुळीत उतरतो, जाता जाता तांबूस होतो. एलईडीला निवणं ठाऊक नाही. आकडा मिळाला की त्याच क्षणी तेवढाच उजेड. मग तो आकडा कसा पोचतो आणि किती बारीक असतो, यावर सगळं येऊन ठेपतं.

रंगमंचाची भाषा डीएमएक्स ५१२. वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड आणि डिमर एकमेकांशी जुळावेत म्हणून १९८६ साली यूएसआयटीटी या अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेनं ती ठरवली. एका केबलवर ५१२ चॅनल, प्रत्येकावर ० ते २५५ मधला एक आकडा. ही अख्खी यादी बोर्ड सेकंदाला सुमारे ४४ वेळा वाचून दाखवतो. दिव्यानं ऐकलं की नाही, त्याला कळत नाही. एखादी यादी हुकली तरी पुढची लगेच येते, म्हणून मंचावर हे छान चालतं.

पण २५६ पायऱ्या कमी पडतात, हे मला भर प्रयोगात कळलं. शेवटच्या प्रवेशात म्हातारी खुर्चीत एकटी, आणि वीस सेकंदांत तिच्यावरचा उजेड संपायचा. वरच्या पायऱ्या कुणाला दिसल्या नाहीत. तळाशी मात्र तीनवरून दोन झाले तेव्हा उरलेल्यातला तिसरा हिस्सा गेला, दोनावरून एक झाला तेव्हा निम्मा गेला. तिचा चेहरा झटक्याझटक्यानं विझला. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं मान वर करून दिव्याकडे पाहिलं. दोन तास त्या बाईंनी श्वासागणिक बांधत आणलेली शांतता माझ्या दिव्यानं मोडली. ते अजून मनाला लागून आहे. पुढच्या प्रयोगाला ते दिवे १६ बिटच्या मोडवर घेतले: उजेडाला एकाऐवजी दोन चॅनल, ६५,५३६ पायऱ्या. चॅनल जास्त जातात, पण चेहऱ्यावरच्या दिव्याला मी ते देतोच. चॅनल संपत आले तर आर्टनेट किंवा एसएसीएन आहे, म्हणजे हाच डीएमएक्स नेटवर्कच्या केबलवरून.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी नाट्यगृहाचं काम होतं. मंच आणि प्रेक्षागृह दोन्ही डीएमएक्सवर घ्या, एकच बोर्ड, असं ठेकेदाराचं म्हणणं. मी अडून बसलो. मंचावरचे दिवे प्रयोगापुरते. प्रेक्षागृहातले दिवे सकाळी झाडूवाल्या मावशींनाही लागतात, शाळेच्या गॅदरिंगलाही लागतात, तेव्हा बोर्डावर कोणी नसतं. शिवाय डीएमएक्सची केबल निसटली तर काही दिवे होते तसे राहतात, काही थेट विझतात, बनवणाऱ्यानं जे ठरवलं असेल ते. भरलेल्या प्रेक्षागृहात मला हे चालणार नव्हतं.

प्रेक्षागृहासाठी आम्ही डाली घेतली, इमारतीतल्या दिव्यांची भाषा. एका तारजोडीवर ६४ पत्ते, वेग सेकंदाला अवघा १२०० बिट. मंचावर एवढ्या संथपणानं काम होणार नाही. पण डालीला दर क्षणी आकडा सांगावा लागत नाही. ‘शून्यावर या’ असा एक निरोप सगळ्यांना गेला की प्रत्येक दिव्याचा ड्रायव्हर आपल्यात भरलेल्या वेळेनुसार स्वतःच उतरतो. पातळ्या २५४, त्याही डोळ्याच्या चालीनं आखलेल्या, तळाशी अगदी बारीक. आणि डालीची तार तुटली तर दिवे ठरवलेल्या पातळीवर जातात. मुळात ती पातळी पूर्ण उजेडाची असते, आम्ही ती तशीच ठेवली. मी हट्ट धरला तो ड्रायव्हरपाशी. स्वस्तातले ड्रायव्हर एक टक्क्यावर थांबतात आणि तिथून दिवा एकदम विझतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला एक टक्का भरपूर असतो. आम्ही ०.१ टक्क्यापर्यंत उतरणारे घेतले.

तिथले वायरमनकाका सगळं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, “सर, तुम्ही जाणार पुण्याला. उद्या हे बंद पडलं तर मला कळंल का?”

मी त्यांना डालीच्या दोन तारा दाखवल्या. उलटसुलट जोडल्या तरी चालतात, वाटेल तिथून फाटा काढता येतो, फक्त टोकं जोडून गोल करायचा नाही. डीएमएक्सला मात्र एका दिव्यातून दुसऱ्यात अशी सरळ माळ लागते, शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर, आणि माईकची केबल त्याला वापरायची नाही. काकांनी दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहून घेतलं.

मग रात्री आम्ही एकेक पत्ता लुकलुकवत बसलो. मी लॅपटॉपवर आकडा म्हणायचो, काका रांगांतून फिरत दिवा हुडकायचे. अठ्ठावन्न दिव्यांना दोन तास लागले. ती वही आता घंटेच्या बटणाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. सतराव्या ओळीत काकांच्या अक्षरात लिहिलंय: बाल्कनी, डावीकडं, बंद पंख्याच्या मागं.