वाढतं अंग आणि सात नंबरची स्टिक

मुलांसाठी काहीही घेताना आमची आई दुकानदाराला आधी बजावते, ‘जरा वाढत्या अंगाचं दाखवा हो.’ जूनमध्ये युनिफॉर्म येतो तेव्हा बाह्या कोपराखाली लोंबतात, स्कर्टला आतून चार बोटं दुमड असते, बुटाच्या टोकात कापसाचा बोळा असतो. दिवाळीला कपडा अंगावर बसतो आणि पुढच्या जूनला दुमड उसवली जाते. त्या चार बोटांत घराची काटकसर असते आणि मायाही. मला ही रीत मनापासून आवडते. गोल्फच्या स्टिकपुढे मात्र ती चालत नाही.

भाची आठ वर्षांची आहे. ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी सकाळी ज्या घरांत टीव्हीवर कधी गोल्फ लागलं नव्हतं तिथेही ते लागलं, त्या घरांतलंच आमचं एक. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राच्या सुवर्णानं सगळा देश न्हाऊन निघाला, पण आमच्या आईच्या मनात सकाळच राहिली, कारण अदितीची बॅग तिची आई वाहत होती. ‘लेकीचं ओझं उचलून कशी चाललीय बघ,’ असं आमची आई कितीदा तरी म्हणाली. नातीच्या कानावर ते इतकं पडलं, की शेवटी तिनं हट्टच धरला. मग येरवड्याला गोल्फच्या सरावाच्या रेंजवर जाणं सुरू झालं. सकाळी गवतावर दहिवर असतं, लोहगावहून उठलेलं लढाऊ विमान आभाळ फाडत जातं आणि सगळे जण फटका थांबवून वर बघतात.

पहिल्या दिवशी तिच्या हातात एका ओळखीच्या गृहस्थांची सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची स्टिक आली. पोलादी शाफ्टची, म्हणजे दांड्याची, मोठ्या माणसाची. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीहूनही कमी. पण ते वजन लांब दांड्याच्या टोकाशी असतं, आणि पोरीला ते टोक खांद्यावरून फिरवायचं असतं. मी तिच्याकडे नीट पाहत होतो. स्टिक वर जाईपर्यंत डावं कोपर दुमडलं, पाठीला बाक आला, वजन टाचांवर गेलं. खाली येताना तिनं स्टिक आणली नाही, स्टिकनंच तिला ओढून आणलं. बॉलच्या माथ्याला पातं घासलं आणि बॉल चार पावलं घरंगळला. तिनं कुणाकडे न बघता दुसरा बॉल ठेवला. हे असंच महिनोन् महिने चाललं तर शरीर त्या ओझ्याशी तडजोड करायला शिकतं, आणि पुढे हलकी स्टिक मिळाली तरी ती तडजोड सुटत नाही.

थोड्या वेळानं तिथल्या एका जुन्या, बॅग वाहणाऱ्या कॅडीनं कुठूनशी मुलांची स्टिक आणून दिली. ग्राफाइटचा शाफ्ट, बारीक ग्रिप. ‘एका हातात धर, बेटा. डावा हात सरळ पुढे. मी दहा म्हणेपर्यंत टोक खाली येऊ द्यायचं नाही.’ टोक थरथरलं, पण खाली आलं नाही. मग जो फटका बसला त्याचा आवाजच निराळा होता. बॉल फार लांब गेला नाही. पण तो उडाला, आणि आपण तो उडवला हे तिला कळलं.

‘मोठ्यांची स्टिक कापून द्या ना,’ असं पुष्कळ जण सुचवतात. सल्ला स्वस्त आहे, पण शाफ्टचा स्वभाव तसा नसतो. तो डोक्याकडे बारीक आणि मुठीकडे जाड असतो, आणि कापतात मुठीकडूनच. लांबी घटली की तो आणखी ताठ होतो, लहान हातांच्या वेगानं वाकतच नाही. डोकं तेवढंच जड राहतं. बॉल खड्ड्यात ढकलायचा पटर मात्र खुशाल कापावा. त्याला लवायचं नसतं, नुसतं झुलायचं असतं.

या खेळात मुलांना दुसरी सवलत फारशी मिळत नाही. बॉल मोठ्यांचाच, सेहेचाळीस ग्रॅमला जेमतेम कमी. खड्डाही तोच, सव्वाचार इंचांचा. सूट द्यायला जागा राहते ती स्टिकमध्येच, आणि तिथेच आपण काटकसर करायला जातो.

माप वयाचं घेऊ नये, उंचीचं घ्यावं. काही कंपन्यांच्या किटवर सरळ मुलाची उंचीच इंचांत लिहिलेली असते, तीन-तीन इंचांच्या पायरीनं. वयात येण्याआधी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, तेव्हा एक पायरी साधारण सव्वा-दीड वर्ष पुरते. वयात येताना हीच वाढ दोडकीच्या वेलासारखी धावते. त्या काळात नवं काही घेऊच नये, मागून आणावं. इंचभर लांब स्टिक चालते, मूठ जरा खाली धरायची. एवढी दुमड गोल्फही देतो. चार बोटांची देत नाही.

आणि स्टिक किती हव्यात? नियमानं बॅगेत चौदापर्यंत चालतात. मुलाला चार-पाच पुरतात. एक पटर, जवळच्यासाठी एक वेज, सात नंबर, आणि लांबच्यासाठी एखादी हायब्रिड. स्पेनच्या पेद्रेन्या गावचा सेवे बॅलेस्टेरोस लहानपणी भावानं दिलेली एक जुनी तीन नंबरची आयर्न घेऊन समुद्रकाठच्या वाळूत खेळायचा, आणि १९७९ मध्ये त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, हातात काहीही द्या, गुण असेल तर दिसेलच. मला ते पटत नाही. त्याच्याकडे एकच स्टिक होती, पण अख्खा किनारा होता आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस होता. आमच्या मुलीला शाळा आणि क्लास सोडून मिळतो तो रविवारचा तासभर. चेंबूरच्या वस्तीतली, गोल्फ क्लबात कॅडीचं काम करणारी पोरं लोखंडी सळी वाकवून स्टिक करतात आणि गल्लीत प्लॅस्टिकच्या बॉलनं खेळतात. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांचं उदाहरण देऊन स्वतःच्या मुलाला जड स्टिक देणं बरं नव्हे. त्या पोरांनाही योग्य मापाची स्टिक मिळायला हवी, असंच म्हणायला हवं.

आम्ही वापरलेलं किट घेतलं. मुलांच्या हातात इतका जोर नसतो की पातं झिजावं. जुन्या किटमध्ये खराब होते ती ग्रिप. तीही त्याच कॅडीदादांनी बदलून दिली. जुनी ग्रिप ब्लेडनं उभी चिरून सोलली, दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, नव्या ग्रिपच्या नळीत थोडं पेट्रोल ओतलं, ते टेपवर सांडलं आणि एका दमात ग्रिप सरकवली. पेट्रोल उडून जाईपर्यंत तेवढीच घाई असते. ‘उद्यापर्यंत हात लावायचा नाही,’ त्यांनी तिला बजावलं. किट पाहायला गेलात तर डोकं शाफ्टवर हलतंय का ते फिरवून बघा, शाफ्टवर बारीक चीर नाही ना ते उजेडात बघा. डावखुऱ्या मुलाचं किट मिळायला वेळ लागतो. तोवर उजवी स्टिक हातात देऊ नका, थांबा.

घरी आईनं किट उभं करून नातीशेजारी लावलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, ‘अरे, हे तर आत्ताच बरोबर बसतंय. वर्षानं काय करशील?’ मी सांगितलं, वर्षानं हे रेंजवरच्या दुसऱ्या कुणा लहानग्याकडे जाईल आणि एक पायरी वरचं आपल्याकडे येईल. उरलेले पैसे रेंजवर सरावाला मिळणाऱ्या बॉलच्या बादल्यांवर खर्च करू. रविवारी ती दोन बादल्या सहज संपवते.