आधी काम, मग शब्द

गिटारच्या स्वराचे रूप पायाने दाबताच पालटणाऱ्या लहान डब्यांना 'पेडल' म्हणतात. नातवाने अशा पाच जमविल्या, तेव्हा त्या बसविण्याची फळी आम्ही दोघांनी घरीच केली.

सागाच्या पट्ट्या बोटभर अंतर सोडून आडव्या जोडल्या, म्हणजे तारा खालून जातात. मागची बाजू किंचित उंच ठेवली. डब्या वेल्क्रोने बसविल्या. बहुतेक डब्यांना ९ व्होल्ट पुरतात. मात्र प्रत्येकीला लागणाऱ्या मिलिअँपिअरची बेरीज वीजपुरवठ्याच्या क्षमतेत बसावी लागते. एकाच तारेवर सगळ्या जोडल्यास घरघर उठण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येकीला पुरवठ्याचे विलग टोक दिले.

खरे मर्म क्रमात आहे. आधी ओव्हरड्राइव्ह आणि मग डिले ठेवला, तर खरखरीत स्वराचे प्रतिध्वनी सुटे व स्पष्ट उमटतात. उलट केले, तर प्रतिध्वनीही भरडले जाऊन एकमेकांत मिसळतात. डब्या त्याच, स्वर निराळा. सचिवालयात फायलींचा प्रवास पाहिलेल्या आम्हांस हे चटकन उमगले.

आमचे घराणे होळकरशाहीपासून इंदुरात. तरी नातू घरातही हिंदीतच बोलतो. त्या चार रविवारी मात्र रंधा, पटाशी, गुण्या, पाचर हे शब्द त्याच्या तोंडी सहज रुळले. कारण त्यांवाचून काम अडत होते. मुलांनी मराठी बोलावे, असा उपदेश आपण मंडळाच्या सभांतून वर्षानुवर्षे करीत आलो. आम्हांस आता वाटते, आधी हाती काम द्यावे. शब्द त्यामागून येतात.