दोन आसनांची मोटार

मोटारीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्या हालचालीचे पुढे चाकांच्या फिरण्यात रूपांतर होते, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. परंतु ज्यात दट्ट्या नाही, झडपाही नाहीत, फुगीर बाजूंचे एक त्रिकोणी चक्र मध्ये किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फिरत राहते, असेही एक इंजिन आहे. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून ते निघाले आणि १९५७ साली नेकारसुल्म येथील एनएसयू कंपनीत प्रथम चालले. त्याची गती इतकी सुरळीत आणि त्याचा आकार इतका लहान, की जगातील बड्याबड्या मोटार कंपन्यांनी ते बनविण्याचे हक्क विकत घेतले. आणि पुढे बहुतेकांनी ते मुकाट्याने बाजूला ठेवून दिले.

त्याचे दुखणे त्या त्रिकोणाच्या तीन टोकांवर आहे. प्रत्येक टोकाला एक खाच आणि खाचेत एक बारीक पट्टी बसविलेली असते. ही पट्टी पोकळीच्या भिंतीवर अखंड घासत जाते आणि एका कप्प्यातील वायू दुसऱ्यात जाऊ देत नाही. पट्टी झिजली, तुटली वा खाचेत अडकून बसली, की सारा खेळ संपला. हिरोशिमा येथील तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे पुढे माझदा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने, केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंत्यांचे एक पथक या एका प्रश्नासाठी बसविले होते. पट्टीच्या थरथरण्याने भिंतीवर जे ओरखडे उठत, त्यांना ते ‘सैतानाची नखे’ म्हणत. अनेक द्रव्ये तपासून झाल्यावर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरविलेली पट्टी टिकली, आणि १९६७ साली त्यांची ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही मोटार विक्रीस आली. पट्टीचे द्रव्य पुढे बदलले. तिचे महत्त्व बदलले नाही.

मी भाषांतराचा व्यवसाय करणारा मनुष्य. यंत्राशी माझा संबंध त्याच्या भागांना प्रतिशब्द शोधण्यापुरता. हे सारे मला जवळून पाहावयास मिळाले ते २०२४ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन या गावी. तेथे माझे सर्वांत थोरले चुलतभाऊ राहतात. मी पाळण्यात होतो तेव्हा दादा परदेशी गेले. पुढे १९९२ साली त्यांनी एक जुनी ‘आरएक्स-७’ घेतली. १९८४ साली बांधलेली, तांबड्या रंगाची, बसकी. वहिनींना घेऊन ते तिच्यातून पुष्कळ हिंडले. नायगाऱ्याच्या धबधब्यापाशी त्या मोटारीला टेकून उभ्या असलेल्या वहिनींचे छायाचित्र आमच्या गावच्या घरी अजून भिंतीवर आहे.

२००० साली मुलगी झाली. त्या मोटारीत आसने दोनच. संसाराला तिसरे माणूस आले, म्हणून दुसरी गाडी आली आणि ही मोटार घरालगतच्या गॅरेजमध्ये गेली ती चोवीस वर्षे तेथेच राहिली. ‘पुढच्या उन्हाळ्यात काढू’, असे दादा दरवर्षी म्हणत. २०२१ साली वहिनी गेल्या. त्यानंतर ते तसे म्हणेनासे झाले.

आता घर विकले गेले होते. जून संपण्याच्या आत गॅरेज मोकळे करून द्यावयाचे होते. भंगारवाल्याने सांगितलेला भाव दादांनी कागदावर टिपून ठेवला होता. मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी राहते. ती दर शनिवारी येई. ‘‘बाबा, त्याला हो म्हणण्यापूर्वी मला चार शनिवार द्या,’’ असे तिने सांगितले. दादा म्हणाले, ‘‘इंजिन जाम असेल. चोवीस वर्षांनी काय उरणार?’’ तरी त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तिने पहिली गोष्ट केली ती ही, की मोटारीची किल्ली काढून घेतली. अशी मोटार मरते ती बहुधा उतावळेपणाने, असे तिचे म्हणणे, आणि मला ते फार पटले. नवी बॅटरी लावून जोराने इंजिन फिरवावे, तर खाचेत चिकटलेली पट्टी तुटते आणि तिचा तुकडा आतली भिंत खरवडून काढतो. तिने दोन्ही चक्रांवरचे मिळून चार स्पार्क प्लग काढले आणि त्या छिद्रांतून स्वयंचलित गिअरपेटीचे तांबडे, पातळ तेल थोडे थोडे आत सोडले. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टाला एकोणीसचा पाना लावला आणि हलकेच दाब दिला. काहीही हलले नाही. तिने पाना काढला, हात पुसले आणि आठवडाभरासाठी निघून गेली. जाताना दादांना सांगून गेली, ‘‘रोज सकाळी थोडे तेल, आणि पान्याला एकदाच हात. जोर मात्र करायचा नाही.’’

दादा सकाळी चहापूर्वी गॅरेजमध्ये जाऊ लागले. मीही सोबत जाई. बुधवारी पाना एक बोटभर सरकला. दादांनी तो सोडला आणि स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी मला वहिनींविषयी जितके सांगितले, तितके तीन वर्षांत दूरध्वनीवर सांगितले नव्हते. ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

दुसऱ्या शनिवारी इंजिन पूर्ण वळसा फिरले. आता कान देण्याचे काम होते. चक्राला तीन बाजू, म्हणून त्याच्या एका फेऱ्यात प्लगच्या छिद्रातून हवेचे तीन फुत्कार यावयास हवेत. आणि मधला दांडा चक्राच्या तिप्पट वेगाने फिरत असल्याने पान्याच्या दर वळशाला एक. मागच्या चक्राचे तिन्ही सारखे आले. पुढच्याचा एक जोरकस आणि दोन दुबळे. पुतणीने बोटावर हिशेब केला. दोन शेजारचे कप्पे दुबळे, म्हणजे त्यांच्यामधली पट्टी दोषी. एकच दुबळा असता, तर दोष टोकाच्या पट्टीचा नसून बाजूच्या पट्टीचा मानला असता. इंजिन न उघडता, केवळ श्वास ऐकून केलेले हे निदान मला एखाद्या जुन्या वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे वाटले. ‘‘काका, या पट्टीला मराठीत काय म्हणाल?’’ असे तिने विचारले. मी ‘अग्रपट्टिका’ सुचविला. दादा म्हणाले, ‘‘टोकपट्टी म्हण की!’’ तोच शब्द कायम झाला. सात सेंटिमीटर लांबीच्या त्या लोखंडी टोकपट्टीसाठी आणखी दहा दिवस तेल आणि पाना चालू राहिला. तिसऱ्या शनिवारी दुबळे फुत्कार बरेच सावरले होते.

बाकीची कामे कष्टाची होती, पण त्यांत कोडे नव्हते. टाकीतल्या पेट्रोलला रोगणासारखी दुर्गंधी येत होती. टाकी धुतली, रबरी नळ्या बदलल्या, कार्बोरेटर सुटा करून साफ केला. हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केले होते. ब्रेक गंजून धरले होते. त्यांत एक आख्खा दिवस गेला.

चौथ्या शनिवारी किल्ली बाहेर आली. या इंजिनाचा आणखी एक स्वभाव आहे. पेट्रोल पेटले नाही, तर ते आतल्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. तेल गेले, की टोकपट्ट्यांची पकड जाते आणि पेटणे अधिकच कठीण होते. पहिल्या प्रयत्नात तसेच झाले. प्लग काढून, पेट्रोलचा पंप बंद ठेवून, इंजिन कोरडे फिरविले. पुन्हा चार थेंब तेल दिले. तिसऱ्या खेपेस एक खोकला आला, मग दुसरा, आणि मग ते चालूच राहिले.

दार उघडे असूनही गॅरेज पांढऱ्या धुराने भरून गेले. शेजारी धावत आले. पण दादांचा चेहरा पडला तो दुसऱ्याच कारणाने. हे इंजिन म्हणजे पाच पुडांचा डबा. पुडांच्या सांध्यांत पाणी अडविणारी रबरी कडी असतात. ती सडली, तर थंडाव्याचे पाणी आत जळते आणि असाच पांढरा धूर निघतो. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेवढे दिवस हातात नव्हते. पुतणी धुराड्यापाशी वाकून वास घेत राहिली. पाण्यात मिसळलेल्या शीतक द्रव्याचा वास गोडसर येतो. हा जळक्या तेलाचा होता. आम्ही महिनाभर आत ओतलेले तेलच बाहेर पडत होते. वीस मिनिटांत धूर विरळ झाला. इंजिन पुरते तापेपर्यंत तिने ते बंद करू दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरमधली पातळी पाहिली; ती उतरली नव्हती.

हे इंजिन बनविण्याचा ध्यास त्या हिरोशिमाच्या कंपनीने मोठ्या हट्टाने धरला. १९९१ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जपानी कंपनीच्या मोटारीने प्रथमच जिंकली, ती याच जातीच्या इंजिनावर. पेट्रोल अधिक खाते, म्हणून २०१२ साली ते बंद झाले. २०२३ साली विजेच्या मोटारीत वीज निर्माण करण्यापुरते परत आले. दादांना हा सारा इतिहास तोंडपाठ आहे, आणि त्या रविवारी त्यांनी तो शेजाऱ्यांना सविस्तर ऐकविला.

मोटारीला रस्त्यावर जाण्याची नोंदणी नव्हती, विमा नव्हता. म्हणून गॅरेजच्या दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत जो खासगी उतार आहे, तेवढाच तिचा प्रवास, वीस-पंचवीस पावलांचा. पुतणी चालविण्यास बसली. शेजारच्या आसनावर दादा बसले, वहिनींच्या बाजूला. मी उतारावर उभा होतो. दोघे खाली गेले, थांबले, मागे आले आणि पुन्हा खाली गेले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मालवाहू गाडीवर चढवून पुतणीने मोटार आपल्या गावी नेली. बरोबर तेलाचा डबा आणि एकोणीसचा पानाही नेला.